कोणत्या बांधीने खाल्ले, कोणत्या बांधीने दिले?
(गोंदिया जिल्ह्याच्या बैठकीत एका धान उत्पादक कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही मोठा वक्ता नाही. चार एकर धान आणि धुऱ्यावरची तूर एवढी माझी शेती. तरुणपणी सहा वर्षे एका राईस मिलमध्ये मुनीमगिरी केली, तेवढाच माझा हिशेबाशी संबंध. आज त्याच हिशेबाबद्दल बोलायला उभा आहे.

मिलमध्ये असताना एक गोष्ट रोज पाहत होतो. बारदाना फाटला तर कोणत्या खात्यावर, पट्टा तुटला तर कोणत्या खात्यावर, हमालीचा रुपया कोणत्या लॉटवर, हे मालक संध्याकाळी विचारल्याशिवाय घरी जात नसे. मी घरी आलो की माझ्या शेतीचा सगळा पैसा एकाच पिशवीत. त्याच पिशवीतून युरिया, त्याच पिशवीतून पोरीची फी, त्याच पिशवीतून पाहुण्यांचा चहा. वर्ष संपले की पिशवी रिकामी. कोणी खाल्ली? धानाने खाल्ली, बैलाने खाल्ली, की आम्ही खाल्ली? सांगता येत नसे. दुसऱ्याच्या धानाचा हिशेब पैशापैशाने लिहिणारा मी, स्वतःच्या धानाबाबत आंधळा होतो.

मोठ्या कंपन्या हे कसे करतात ते सांगतो. खर्च लिहायच्या त्यांच्याकडे दोन जागा असतात. एक कायमची: हे यंत्र, तो विभाग, ती मोटार. त्याला ते कॉस्ट सेंटर म्हणतात. दुसरी एका कामापुरती: काम निघाले की नंबर देऊन खाते उघडायचे, अंदाजे किती लागेल ते आधी लिहायचे, काम संपले की त्यावरचा सगळा खर्च योग्य ठिकाणी वळता करून खाते शून्यावर आणायचे आणि बंद करायचे. त्याला म्हणतात इंटर्नल ऑर्डर. जर्मनीच्या एसएपी कंपनीच्या संगणक प्रणालीत जगभरचे कारखाने असाच हिशेब ठेवतात. पण त्याला संगणकच लागतो असे नाही. शंभर पानी वही पुरते.

आपण त्यांना आपली नावे देऊ. एक ठाण्याचे खाते आणि दुसरे कामाचे खाते.

ठाण्याची खाती कोणती? बैलजोडी किंवा ट्रॅक्टर, विहीर आणि मोटारपंप, आणि घर. ही वर्षभर खातात, पीक असो वा नसो. कामाची खाती कोणती? मोठ्या बांधीतले खरिपाचे धान, तलावाखालचे उन्हाळी धान, धुऱ्यावरची तूर, लाखोरी. ही खाती पेरणीला उघडतात आणि माल विकला की बंद होतात.

आता बैलजोडीचे पाहा. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे तुम्ही घाला. चारा, ढेप, औषध, दोर आणि दरवर्षी जोडीची घटणारी किंमत मिळून वर्षाला 54,000 रुपये लागले. शेणखताचे 6,000 रुपये जोडीच्या नावे जमा केले आणि ज्या शेतात खत टाकले त्याच्या नावे लिहिले. राहिले 48,000. जोडी वर्षात 80 दिवस जुंपली तर एक दिवस पडला 600 रुपयांना. तीच जोडी 40 दिवस जुंपली तर दिवस पडला 1,200 रुपयांना. घरचे बैल आहेत, नांगरणी फुकटात झाली, असे आपण सहज म्हणतो. फुकटात काही झालेले नसते, लिहिलेले नसते एवढेच.

आता एक एकर खरिपाच्या धानाचे खाते उघडा. बैलांचे 8 दिवस, 4,800. घरचे बियाणे आणि पऱ्हे, 1,800. रोवणी 4,500. शेणखत, रासायनिक खत आणि औषध 4,200. निंदण 2,000. कापणी आणि बांधणी 4,500. मळणी 2,200. वाहतूक आणि बारदाना 1,000. पंपाचा वाटा 1,000. बेरीज 26,000. त्यात घरच्या माणसांचे 25 दिवस, 300 रुपयांप्रमाणे 7,500. झाले 33,500. तनस बैलांना घातली, तिचे 1,500 धानाच्या नावे जमा आणि बैलांच्या चाऱ्यात खर्च. राहिले 32,000. उतारा 16 क्विंटल आला तर क्विंटल पडले 2,000 रुपयांना.

आता बैल, घरचे बियाणे आणि घरचे हात सोडून द्या, तनसही सोडा, आणि फक्त खिशातून गेलेले मोजा. 19,400 होतात. क्विंटल पडते सुमारे 1,212 रुपयांना. आपण बहुतेक जण हाच आकडा डोक्यात ठेवून व्यापाऱ्यापुढे उभे राहतो आणि 1,800 मिळाले तरी सुटलो म्हणतो. ते 1,800 घेताना क्विंटलमागे 200 रुपये आपल्या घरच्या मेहनतीतून कापून दिलेले असतात. आणि या 2,000 मध्ये अजून स्वतःच्या जमिनीचा खंड नाही, भांडवलाचे व्याज नाही. उतारा 12 क्विंटलवर आला तर तेच धान सुमारे 2,667 रुपयांना पडते.

मायबहिणींनो, हे घरचे 25 दिवस प्रामुख्याने तुमचे आहेत. रोवणीच्या चिखलात कंबर वाकवून उभे राहायचे, आणि हिशेबात नाव नाही. माझ्याच घरी वही सुरू केली तेव्हा पत्नीने विचारले, "माझा दिवस कोणत्या पानावर आहे?" पान नव्हते. त्या दिवशी उघडले.

सरकारच्या हिशेबाचेही असेच आहे. 1954-55 पासून देशात शेती व्यवस्थापनाचे अभ्यास झाले, त्यात खर्चाचे अ, ब, क असे प्रकार ठरले. 1965 मध्ये कृषी मूल्य आयोग आला. आज ए-2 म्हणजे खिशातून गेलेला खर्च, घसारा आणि खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड. एफएल म्हणजे घरची मजुरी. आणि सी-2 मध्ये यांच्या जोडीला स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज. 2025-26 च्या खरिपासाठी साध्या धानाचा हमीभाव 2,369 रुपये ठरला, तो 1,579 रुपये खर्च धरून. हा खर्च ए-2 अधिक एफएल आहे, सी-2 नव्हे. शिवाय ती देशाची सरासरी आहे. पंजाबचा क्विंटलचा खर्च महाराष्ट्रापेक्षा कितीतरी कमी आहे. पंजाबचे कालवे आणि आपले मामा तलाव एकाच सरासरीत बसवले की आपला खर्च त्यात बुडतो. शरद जोशींनी उत्पादन खर्चावर आधारित भावाची मागणी केली तेव्हा तिचे मूळ याच प्रश्नात होते: खर्च मोजला कोणी, आणि काय काय मोजले?

दोन चुका टाळा. पहिली, विहीर खोल केली तर तो सगळा खर्च एकाच उन्हाळी धानावर लादू नका. त्याचे वेगळे कामाचे खाते उघडा, काम झाले की रक्कम विहिरीच्या ठाण्यावर वळती करा आणि दहा वर्षांत वाटा. दुसरी, मदतीला भाव समजू नका. 2023 मध्ये राज्य सरकारने धानाला हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर केले. एकरी ते सुमारे 8,000 होतात. ते वेगळ्या रकान्यात लिहा. भाव हा हक्क आहे. मदत पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

माझ्या वहीने मला काय दिले ते सांगतो. उन्हाळी धान मला फायद्याचे वाटायचे, कारण उन्हाळ्यात हातात नोटा यायच्या. दोन हंगाम लिहिले. मोटार दोनदा जळाली होती आणि रात्रीच्या विजेसाठी पोरगा जागला होता. ते सगळे पंपाच्या ठाण्यावरून वळते केले तेव्हा कळले, खरिपाची बांधी कमवत होती आणि उन्हाळी बांधी खात होती. आता उन्हाळी धान निम्म्यावर आणले आहे. तुमच्या शेतात उलटेही निघेल. मी पीक सांगायला आलो नाही, वही सांगायला आलो आहे.

हिशेब ठेवल्याने भाव वाढत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपली चूक कुठे आणि धोरणाची चूक कुठे, हे हिशेबानेच वेगळे होते. आपली असेल ती आपण सुधारू. दुसरी मागू, आकड्यासह मागू.

म्हणून एकच विनंती. सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत प्रत्येक गावात पाच घरांनी या खरिपात वही धरावी. रोज संध्याकाळी दोन ओळी. वाईट वर्ष फुगवायचे नाही, चांगले वर्ष लपवायचे नाही. पुढच्या बैठकीला येताना भाषण आणू नका, वही आणा. ज्या दिवशी या जिल्ह्याच्या पाचशे वह्या एका टेबलावर येतील, त्या दिवशी धान उत्पादकाला "तुझा खर्च किती?" असे विचारणाऱ्याला उत्तर तोंडी द्यावे लागणार नाही.