वर्षाची खरी कमाई

शैक्षणिक वर्ष सरत आले की अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील विशेष शाळांत वर्षभराच्या कामाची उजळणी होते. कुणी लेझीम खेळते, कुणी स्वतः रंगविलेल्या पणत्या मांडते. परंतु बौद्धिक दिव्यांग बालकाची प्रगती गुणपत्रिकेत मावत नाही. सदऱ्याची गुंडी लावणे, सुटे पैसे मोजून घेणे, घरचा पत्ता सांगणे, ही त्याची वर्षाची खरी कमाई होय.

टाळ्या विरल्या की पालकांच्या मनात एकच प्रश्न उरतो : आपल्या पश्चात याचे कसे होणार? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्यापुढील काळासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये, जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक समितीमार्फत, कायदेशीर पालक नेमता येतो. त्यासाठी कुटुंबाने वेळीच अर्ज करावा.

समाजानेही पणत्यांचे कौतुक करून न थांबता त्या रंगविणाऱ्या हातांना काम द्यावे. या मुलांचा खरा गौरव तोच ठरेल.