छातीत कळ आली, तर वेळ दवडू नका



कापसावरची अळी, सोयाबीनचं बियाणं, ज्वारीची पेरणी यांबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज पीक पिकवणाऱ्या माणसाबद्दल बोलू. विषय आहे हृदयविकाराचा झटका, म्हणजे आपण ज्याला हार्ट अटॅक म्हणतो तो. हा शहरातल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा रोग आहे, रानात राबणाऱ्याला तो होत नाही, असा आपला समज असतो. तो खरा नाही. अंगमेहनत हृदयाला चांगलीच. पण तंबाखू, वाढलेला रक्तदाब आणि मधुमेह यांनी केलेलं नुकसान मेहनतीनं भरून निघत नाही. शिवाय पाश्चात्त्य देशांतल्या लोकांपेक्षा आपल्याकडे हा झटका कमी वयात, अगदी चाळिशी-पन्नाशीतही येतो.

झटका येतो म्हणजे नेमकं काय होतं? हृदय हा मुठीएवढा स्नायूंचा पंप आहे. तो साऱ्या शरीराला रक्त पुरवतो, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते आणणाऱ्या रक्तवाहिन्या बारीक असतात. पाटात गाळ साचावा तसा त्यांच्या आतून वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. एखाद्या दिवशी त्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद होते. पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं व तो मरू लागतो. ताण पडलेलं पीक पाणी दिल्यावर पुन्हा तरारतं. पण हृदयाचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.

हा गाळ साचू नये म्हणून काय करावं? पहिली गोष्ट तंबाखूची. बिडी, सिगारेट तर वाईटच, पण चुना लावून दाढेत धरलेली तंबाखू आणि गुटखादेखील निरुपद्रवी नाही. सोडताना 'थोडी थोडी कमी करतो' असं म्हणण्यापेक्षा दिवस ठरवून सोडावी. दुसरी गोष्ट रक्तदाबाची आणि साखरेची. हे दोन्ही रोग दुखत नाहीत, म्हणून कळत नाहीत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं, घरातल्या बायाबापड्यांनीसुद्धा, जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन वर्षातून एकदा तरी तपासणी करावी. ती मोफत असते. दवाखान्यात वरचेवर १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब भरला तर उपचार लागतात. गोळ्या सुरू झाल्या की बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नयेत.

तिसरी गोष्ट खाण्याची. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी हे आपलं जुनं जेवण उत्तम आहे. ते सोडून पाव, फरसाण आणि तळलेले पदार्थ यांच्या मागे लागू नये. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा, जास्त पोटात जाऊ नये. लोणचं, पापड, खारे दाणे यांतलं मीठही त्यातच धरावं. तेल करडईचं असो की शेंगदाण्याचं, बेतानंच वापरावं.

आता ओळखायचं कसं? छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, आवळल्यासारखं दुखणं, ते डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, दम लागणं, मळमळ. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये कधी छातीत दुखतही नाही; नुसता दम लागतो, जीव घाबरा होतो, एकाएकी गळून गेल्यासारखं वाटतं. अशा वेळी 'पित्त झालं', 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊन पडून राहतात, आणि तिथेच घात होतो.

याची खूण पटवणारी तपासणी म्हणजे ईसीजी, हृदयाच्या विजेचा आलेख. छातीवर आणि हातापायांवर तारा लावतात, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत काम होतं. आता या कामात संगणकही मदतीला आला आहे. आलेखातली प्रत्येक रेघ तो मोजतो, कोणता भाग नेहमीपेक्षा वर उचलला आहे ते पाहतो आणि झटक्याचा संशय असला तर लगेच इशारा देतो. लहान दवाखान्यातला आलेख मोबाईलच्या जाळ्यातून काही मिनिटांत दूरच्या तज्ज्ञापुढे जातो. गोव्यात २०१८ च्या अखेरीस सरकारनं अशी योजना सुरू केली. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतले आलेख तज्ज्ञांकडे जातात आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच्या केंद्रातच देता येतं. पुढच्या उपचारांसाठी रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेतात. महाराष्ट्रातही काही जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांत २०२१ मध्ये अशी योजना आली.

पण संगणक म्हणजे देव नव्हे. सुरुवातीला आलेख साधाच येतो आणि झटका मात्र आलेला असतो, असंही घडतं. म्हणून दुखणं चालू असेल तर डॉक्टर पुन्हा आलेख काढतात, रक्ताची तपासणी करतात. शेवटचा शब्द डॉक्टरांचाच.

लवकर पोचण्याचा फायदा किती? १९८८ साली १७ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गुठळी विरघळवणारं औषध आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांमध्ये मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले. हे इंजेक्शन पहिल्या एक-दोन तासांत सर्वांत गुणकारी ठरतं. १२ तास उलटल्यावर त्याचा फारसा उपयोग राहत नाही.

समजा, पोखर्णीच्या शिवारात सोयाबीनची काढणी चालू आहे आणि एखाद्याला छातीत कळ आली. मळणीयंत्र भाड्यानं आणलेलं, मजूर लागलेले, आभाळ भरून आलेलं. 'एवढी रास झाकू, मग जाऊ' असं वाटणारच. पण पोखर्णीहून परभणी किंवा गंगाखेड तासाच्या आत गाठता येतं. तो तास रास झाकण्यात गेला तर सोयाबीन वाचेल, माणूस जाईल. माणूस राहिला तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येईल.

म्हणून हे करा. काम थांबवून माणसाला बसतं किंवा टेकून ठेवा. चालवू नका, मोटारसायकल हाकू देऊ नका. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत येते. तिला उशीर होणार असेल तर मिळेल त्या जीपनं निघा. ॲस्पिरिनची गोळी डॉक्टरांनी फोनवर सांगितली तरच चघळायला द्या. जिभेखालची गोळी शेजाऱ्याला लागू पडली म्हणून देऊ नका. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, जोरानं दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

आणखी एक काम आजच करा. आपल्या भागात ईसीजी कुठे निघतो, रात्रीही निघतो का, हे आशाताईंना किंवा आरोग्य सेवकांना विचारून ठेवा आणि ते घरातल्या सगळ्यांना सांगा.