औषध कोणत्या अर्ध्यात?

हृदयावर कविता करणारे आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. आतड्यावर कोणी लिहीत नाही. मीही लिहिलेलं नाही. आतड्याचं दुखणं माणूस घरातसुद्धा हळू आवाजात सांगतो. आज मात्र मला अशाच एका दुखण्याविषयी आणि त्यावर संशोधन केलेल्या एका डॉक्टरांविषयी बोलायचं आहे. त्यांचं नाव ए. के. आझाद खान; बांगलादेशचे.

दुखण्याचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला दाह होतो, व्रण पडतात. शौचावाटे रक्त आणि आव जाते, दिवसातून दहा-दहा वेळा धावावं लागतं. जंतूंमुळे झालेली आव औषधाने जाते. हा आजार दबतो आणि पुन्हा उसळतो, असं वर्षानुवर्षं चालतं. माझ्या भाच्याला तो विशीत जडला. पहिले काही महिने साधी आव समजूनच औषधं चालली होती. ‘मामू, एसटीत बसायची भीती वाटते,’ एवढंच तो मला म्हणाला. बाकीचं मी समजून घेतलं.

या आजारावरचं जुनं औषध म्हणजे सल्फासलाझिन. स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांनी ते मुळात संधिवातासाठी तयार करवून घेतलं होतं. संधिवातामागे जंतू असावेत असा तेव्हा कयास होता. म्हणून जंतूंना आवरणारं सल्फापिरिडिन आणि ॲस्पिरिनच्या कुळातलं एक सॅलिसिलेट, अशी दोन औषधं एका रासायनिक बंधाने जोडली गेली. कोलायटिसच्या रोग्यांना त्याचा गुण येतो हे बाईंच्या ध्यानात आलं आणि १९४२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

जोडी चालली. पण त्रासही होता. डोकेदुखी, मळमळ, अंगावर पुरळ. पुरुषांमध्ये शुक्रजंतू घटतात, हेही पुढे कळलं. गोळी थांबवली की ते पूर्ववत होतात, पण लग्नाच्या वयाच्या तरुणाला ही गोष्ट किती जड जात असेल!

मोठ्या आतड्यातले जीवाणू या जोडीचा बंध तोडतात, हे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कळलं होतं. म्हणजे शाळेत आम्ही संधिविग्रह करायचो, तसा विग्रह पोटातच होत होता. मग रोग्याला बरं करतो तो कोणता अर्धा? आणि त्रास देतो तो कोणता?

आझाद खान तेव्हा ऑक्सफर्डला सिडनी ट्रूलव्ह यांच्याबरोबर काम करत होते. अडचण अशी की सॅलिसिलेटचा अर्धा नुसता गिळला, तर वरच्या आतड्यातच शोषला जातो. दुखऱ्या जागी पोचत नाही. त्यांनी काढलेला उपाय अगदी साधा होता, चारचौघांत नाव घ्यायला लाजावं असा. एनिमा! ६२ रोग्यांचे तीन गट केले. एकाला अख्खं औषध, दुसऱ्याला सल्फापिरिडिन, तिसऱ्याला सॅलिसिलेट, दोन आठवडे. मग आतड्याच्या अस्तराचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अख्ख्या औषधाने आणि सॅलिसिलेटने साधारण ३० टक्के रोग्यांत सुधारणा दिसली; सल्फापिरिडिनने ५ टक्क्यांत. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा निबंध आला. तीस टक्के म्हणजे काय मोठं, असं कोणी म्हणेल. पण दोनच आठवड्यांत, तेही सूक्ष्मदर्शकाला पटेल इतकं अस्तर सुधारणं मला तरी थोडं वाटत नाही. मला त्या रोग्यांचंही कौतुक वाटतं. काहींच्या वाट्याला निरुपयोगी अर्धा आला, आणि तो तसा आहे हे त्यांच्यामुळेच कळलं.

सल्फापिरिडिन या आजारात निव्वळ हमाल निघालं. माल खालच्या आतड्यापर्यंत वाहून न्यायचं, आणि बराचसा त्रासही त्याचाच. मग हमालाशिवाय माल पोचवायच्या युक्त्या निघाल्या. खालच्या आतड्यात गेल्यावरच विरघळणाऱ्या वेष्टनाच्या गोळ्या आल्या. मेसालामाइन म्हणतात ते हेच औषध. भाचा तेच घेतो. जुनी गोळीही स्वस्त असल्याने टिकून आहे. गंमत म्हणजे संधिवातात उलट प्रकार दिसतो. तिथे गुण येतो तो बहुधा या हमालाचाच.

आझाद खान पुढे ढाक्याला परतले आणि मधुमेहाच्या रोग्यांच्या कामाला लागले. बांगलादेशच्या मधुमेह संघटनेचे ते अध्यक्ष झाले. भाच्याला मी त्यांच्याविषयी सांगितलं, तेव्हा त्याने खिशातली गोळ्यांची पट्टी काढून एकदा उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ‘ढाक्याचे?’