शरीराची अंतर्गत शिस्त
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्य घालविलेले आम्ही एक सामान्य गृहस्थ आहोत. तथापि आजचा विषय चेन्नईत राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून हे धाडस करीत आहोत.

बाहेर पौषातील थंडी असो वा मे महिन्यातील येथील ‘कत्तिरी’चे ऊन असो, निरोगी माणसाच्या देहाचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपासच राहते. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी शरीराच्या या अंतर्गत स्थैर्याचे महत्त्व प्रतिपादिले. पुढे १९२६ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर कॅनन यांनी त्यास ‘होमिओस्टॅसिस’ असे नाव दिले. आपण त्यास समस्थिती म्हणू. मात्र समस्थिती म्हणजे स्वस्थता नव्हे. ती अखंड खटपटीने राखावी लागते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचे एक लहानसे केंद्र आहे. रक्त किंचित तापले की तेथून हुकूम सुटतात. त्वचेजवळील रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदय अधिक वेगाने तिकडे रक्त धाडते आणि वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी कामाला लागतात. एक लिटर घाम अंगावरच सुकला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. शरीरातील पाणी घटू लागताच मूत्रपिंडे ते राखून ठेवतात आणि माणसास तहान लागते.

यात ‘सुकला’ हाच शब्द महत्त्वाचा आहे. नागपुरात ४५ अंशांचे ऊन सोसलेले आजोबा सुटीत नातवंडांकडे येतात आणि म्हणतात, “तुमच्या मद्रासच्या अडतिसाचे काय एवढे कौतुक!” परंतु विदर्भातील कोरड्या हवेत घाम पाहता पाहता उडून जातो, येथील समुद्रकाठच्या दमट हवेत तो नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने सदरा भिजतो, देह निवत नाही. उलट पाणी व मीठ मात्र खर्ची पडते.

यास्तव केवळ पाऱ्याच्या आकड्यावर विसंबणे घातक आहे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी मरीना किनाऱ्यावर हवाई दलाची प्रात्यक्षिके पाहावयास लाखो लोक जमले होते. पारा चाळिशीलाही पोहोचला नव्हता. तरी ऊन आणि गर्दी यांत पाच जण दगावले. त्याआधी १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यास उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने अंत झाला. शरीराची व्यवस्था चोख असली, तरी तिला मर्यादा आहेत.

नव्या हवेची सवय होण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो आणि त्यातून मीठ कमी जाते. वृद्धांच्या बाबतीत मात्र तहानेची जाणीव मंदावलेली असते, घामही कमी येतो. ‘तहान लागली की पिईन’ हे त्यांचे म्हणणे म्हणूनच मानू नये.

गावाकडून आईवडील येतील तेव्हा पहिले पंधरा दिवस त्यांना दुपारी देवदर्शनास वा खरेदीस नेऊ नये. ताक, पन्हे किंवा येथील नीर मोर आपण होऊन त्यांच्या हाती द्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाणी व मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले वा भान हरपले, तर घाम येत असला तरीही तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकास तत्काळ कळवावे, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे व वारा घालावा. शुद्धीत नसलेल्यास पाणी पाजू नये.

आपल्या मुलखातून येणारी वडीलधारी मंडळी संकोची असतात. लेकीसुनेला त्रास नको म्हणून पाणीसुद्धा मागत नाहीत. त्यांचे शरीर आतून किती झुंजत आहे, हे त्यांच्या तोंडून कळणार नाही. ते आपणच ओळखले पाहिजे. एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.