उद्योग, कुटुंब आणि श्रद्धा : लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. नववीत गणितात नापास झालो तेव्हा वडिलांनी मला शाळेतून काढून दुकानात बसवायचे ठरवले होते. सर घरी आले. शाळेच्या आवारातील बिघडलेला हातपंप या मुलाने एकट्याने सुरू केला, एवढीच गोष्ट त्यांनी वडिलांना सांगितली आणि माझ्यासाठी एक वर्ष मागून घेतले. आज उद्यमबागेत माझे लहानसे वर्कशॉप आहे, ते त्या एका वर्षाच्या पुण्याईवर. म्हणून या व्यासपीठावरून बोलण्यासाठी मी याच मातीतल्या एका उद्योजकाचे चरित्र निवडले आहे. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर हे त्यांचे जन्मगाव. संगीत रंगभूमीचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. तेथे २० जून १८६९ रोजी लक्ष्मणरावांचा जन्म झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत रमणारे. चित्रकला शिकण्यासाठी ते १८८५ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे ध्यानात आले की काही रंगांतला भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने हा आघातच होता. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना डावलून दुसऱ्यास ती जागा मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

येथे त्यांचे वडीलबंधू रामचंद्र, म्हणजे रामुअण्णा, होते. दोघा भावांचा सायकलींचा व्यवसाय १८८८ मध्येच सुरू झाला होता. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकल पाठवावी, रामुअण्णांनी ती येथे विकावी, आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवावी, असा तो प्रारंभ होता. आपल्या शहरातील किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो. त्या नावामागे हे दोन भाऊ उभे आहेत.

सायकलींनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग लोखंडी नांगर. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. आज त्या समजाचे हसू येईल, पण हसू नये. एका हंगामाची चूक म्हणजे वर्षभराची उपासमार, हे ज्याला ठाऊक असते, तो नव्या वस्तूला सहज हात लावीत नाही. लक्ष्मणराव त्यांच्यावर रागावले नाहीत. नांगर सुधारीत राहिले, दाखवीत राहिले, आणि आपले भले काय हे शेतकऱ्याला एक दिवस उमगेल, यावर भरवसा ठेवून थांबले.

नांगर खपू लागला आणि दुसरे संकट आले. कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी हवी होती. जमवलेले सारे उचलून जायचे कोठे? त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंध येथे नाट्यगृह उभारण्याचे काम होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. १० मार्च १९१० रोजी त्या माळावर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. निवडुंगाची बने, सापांचा सुळसुळाट, पाण्याची वानवा, आणि सोबत पंचवीसएक कामगार व त्यांची बायकामुले. राधाबाईंनी पतीच्या बरोबरीने त्याच माळावर संसार मांडला. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहिली.

श्रोतेहो, लक्ष्मणरावांच्या कुटुंबवत्सलतेचा विचार येथून करावा लागतो. घरासाठी पैसा मिळवावा आणि कारखान्यात नुसता हिशेब पाहावा, अशी विभागणी त्यांनी केली नाही. भाऊ उद्योगात होते. पुतणे शंकरराव यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले; त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिके मराठी घराघरांत पोहोचली. पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेतून १९२६ मध्ये पदवी घेऊन वाडीला परतले. पण त्या कुटुंबाची सीमा किर्लोस्कर आडनावापाशी संपत नव्हती. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून बाहेर आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कामावर घेतले, आणि तेही रात्रीच्या पहाऱ्यावर! ज्यांच्यापासून लोक आपली कुलपे सांभाळत, त्यांच्याच स्वाधीन त्यांनी कारखाना केला.

विद्यार्थी मित्रांनो, पुढची गोष्ट तुमच्यासाठी आहे. शंभुराव जांभेकर हे शिक्षणात नापास ठरलेले; ते वाडीचे इंजिनियर झाले. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली. त्यांच्यातून कल्पक यंत्रज्ञ घडला. मंगेशराव रेगे साधे कारकून. त्यांनी कारखान्याचे हिशेब सांभाळले. शाळेत बसून हे सांगणे थोडे अवघड आहे, पण सांगितले पाहिजे: परीक्षेने जे मोजले नव्हते, ते लक्ष्मणरावांनी पाहिले.

आता श्रद्धेविषयी. लक्ष्मणरावांना कोणी देवभोळे म्हणणार नाही. वाडीतून निघालेल्या मासिकाने तर रूढींवर आणि अंधश्रद्धांवर सातत्याने टीका केली. मग श्रद्धा कोठे होती? मला वाटते, पुरावा हाती येण्यापूर्वीच माणसावर विसंबण्याचे जे धैर्य, ती त्यांची श्रद्धा. औंधच्या राजेसाहेबांनी हीच श्रद्धा त्यांच्यावर ठेवली होती. त्यांनी ती पुढे दिली. तिची कठोर परीक्षाही झाली. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीचा कारखाना जाळण्यात आला. ज्या मुलखातल्या शेतकऱ्यांसाठी नांगर घडवले, त्याच मुलखात ही आग लागली. तेव्हा लक्ष्मणरावांचे वय ७८ वर्षांचे होते. माणसांवरचा विश्वास उडून जावा असाच तो प्रसंग. पण कारखाना तेथेच पुन्हा उभा राहिला आणि आजही वाडीत पंप तयार होतात. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

हे चरित्र मी आज एवढ्या आत्मीयतेने सांगतो आहे, त्यात एक कबुली दडलेली आहे. काही वर्षांपूर्वी एक दहावी नापास मुलगा माझ्याकडे लेथचे काम मागायला आला. मी त्याला प्रमाणपत्र विचारले आणि परत पाठवले. वर्षभराने दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये तोच मुलगा लेथवर काम करताना दिसला. त्याचा हात पाहून मी क्षणभर दारातच थांबलो. त्याने मला ओळखले, नमस्कार केला. मला सर आठवले, आणि शाळेतला तो हातपंप आठवला. जे मला उदारपणे मिळाले होते, ते पुढे द्यायची वेळ आली तेव्हा मी कागद मागितला होता.

त्यानंतर माझ्याकडे कोणी काम मागायला आले, की मी आधी त्याच्या हातात काम देतो. कागद मागाहून पाहतो. कधी फसतोही. पण फसण्याचा तो खर्च मी आता धंद्याच्या खर्चातच धरतो.

येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे कारखाने, दुकाने, कचेऱ्या आहेत. आपल्या दाराशी उद्या कोणी उभा राहील. त्याच्यासाठी कोणी सर घरापर्यंत आलेले नसतील. त्याला एक वर्ष द्यावे, एवढीच माझी विनंती आहे. या व्याख्यानाचे निमित्त ज्यांचे आहे, त्यांचे स्मरण याहून निराळ्या रीतीने करणे मला तरी सुचत नाही.