सेल्फ फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही
(इंजिन बदललेल्या जीपविषयी शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



सोयाबीनची मळणी झाली आहे, पोती अंगणात पडली आहेत आणि खामगावच्या बाजारात न्यायची आहेत. त्याच आठवड्यात आपण जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवून आणले. किल्ली फिरवली की सेल्फ फिरतो, इंजिनही फिरते, पण सुरू काही होत नाही. मिस्त्री म्हणतो, "पंप गेला, खोलावा लागेल." पंपाला पाना लावण्यापूर्वी आपण स्वतः काय पाहावे, हे आज मी सांगणार आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत जुळणी झालेल्या विलीज जीप पेट्रोलवर चालत. पुढे महिंद्राने जीपला डिझेल इंजिने दिली. त्यात इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या इंजिनावरून घेतलेले एक आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीच्या कारखान्यात प्यूजोच्या परवान्याने तयार होणारे दुसरे. पेट्रोल परवडेना, तशी अनेकांनी जुन्या जीपला अशी इंजिने बसवून घेतली.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जे इंजिन पहिल्या गाडीत नीट चालत होते, ते उचलून दुसऱ्या गाडीत ठेवल्याने सहसा बिघडत नाही. जिथे हात लागला, तिथेच दोष शोधावा. म्हणजे तारा, नळ्या, केबल आणि टाकी. पंप आधी चालू असेल आणि काढलेला नसेल, तर त्याचा नंबर सर्वांत शेवटी.

तपासणीला लागण्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. सेल्फ एका वेळी दहा ते पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये निदान एक मिनिट थांबा, नाहीतर सेल्फही जळेल आणि बॅटरीही बसेल.

पहिली तपासणी : इंजिन पुरेशा वेगाने फिरते का?

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेल इंजिनात नसते. तेथे हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते आणि त्या उष्णतेने डिझेल पेट घेते. इंजिन हळू फिरले तर ती उष्णता तयार होत नाही. पेट्रोल जीपची लहान बॅटरी डिझेल इंजिनाला पुरत नाही. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती १० व्होल्टच्या खाली जाऊ लागली तर प्रथम बॅटरी व जोड पाहा.

यात हमखास विसरणारी वस्तू म्हणजे अर्थिंगची पट्टी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी जाड पट्टी लागतेच. ती बसवताना चेसिसवरचा रंग खरवडून धातू उघडा करावा.

दुसरी तपासणी : सायलेन्सरकडे पाहा.

एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मागे उभे राहावे. धूर अजिबात नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते, पण पेट घेत नाही. काळा धूर येत असेल तर हवा कमी पडते. अशा वेळी एअर फिल्टर काढून आत डोकावा. इंजिन बसवताना कचरा जाऊ नये म्हणून हवेच्या तोंडात कोंबलेली चिंधी तशीच राहून जाते.

धूर नसेल तर :

इंजिन बंद करण्याची केबल पाहा. नवीन जागेत ती ताणली गेली, तर पंपाचा लिव्हर 'बंद'वरच अडकून राहतो. केबल सोडून लिव्हर हाताने चालूकडे न्या आणि मग सेल्फ मारा.

रोटरी पंपावर केबलऐवजी बहुधा विजेचा सोलेनॉइड असतो. त्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळाले तरच डिझेलची वाट उघडते. येथे जुनी वायरिंग फसवते. पेट्रोल इंजिनाच्या कॉइलला जाणाऱ्या तारेत कित्येक गाड्यांत रेझिस्टन्स असतो. सोलेनॉइड त्याच तारेवर जोडला तर करंट अपुरा पडतो. काही वेळा चुकीच्या तारेवर जोडल्याने किल्ली 'स्टार्ट'वर नेताच करंट तुटतो. म्हणून सेल्फ फिरत असतानाच टेस्ट लॅम्प लावून पाहा. तरी शंका असेल तर जुनी तार काढून बॅटरीच्या प्लसवरून सोलेनॉइडला सरळ तार द्या. 'टक्' असा आवाज आला पाहिजे. इंजिन सुरू झाले तर दोष वायरिंगचा. ते बंद करायला हीच तार काढावी.

त्यानंतर टाकी आणि नळ्या पाहा. पेट्रोलच्या टाकीला डिझेल परतण्याची नळी नसते, ती नव्याने करावी लागते. येणारी आणि परतीची नळी उलटसुलट बसली तरी इंजिन सुरू होत नाही. काही रोटरी पंपांत परतीच्या बोल्टला बारीक छिद्र असते, तो बोल्ट दुसरीकडे बसता कामा नये. टाकीत उरलेले पेट्रोल आणि गंज पूर्ण काढा.

सोपी परीक्षा अशी. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात डिझेल घ्या, डबा इंजिनापेक्षा उंच टांगा आणि पारदर्शक नळीने फिल्टरला जोडा. परतीची नळीही डब्यातच सोडा. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू आवळा. पंपावर असा स्क्रू असेल तर तेथेही हेच करा. शेवटी नोजलकडील नट थोडे सैल करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. डिझेल आले की नट आवळा. तोंड व हात दूर ठेवा, कारण दाबाचे डिझेल कातडीत शिरते. डब्यावर इंजिन चालले तर दोष टाकीत किंवा नळीत आहे.

पांढरा धूर असेल तर :

ग्लो प्लग म्हणजे हीटर प्लग पाहा. प्यूजोच्या इंजिनात ते असतात, तर ट्रॅक्टरच्या बऱ्याच इंजिनांत नसतात. पेट्रोल गाडीत त्यांची तार आणि रिले मुळातच नसते, म्हणून ती जोडायची राहून जाते. बुलढाणा आणि राजूर घाटाच्या माथ्यावर पौषातल्या पहाटे प्लग तापल्याशिवाय असे इंजिन दाद देत नाही. पंधरा-वीस सेकंद तापवून मग सेल्फ मारा.

नोजलच्या नळ्या सोडल्या असतील तर त्यांचा क्रम पाहा. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत तो १-३-४-२ असतो. पंप काढला असेल तर गिअरवरच्या खुणा जुळतात का, हे मिस्त्रीकडून तपासून घ्या. एवढे करूनही सुरू झाले नाही, तर कॉम्प्रेशन मोजावे आणि मगच पंप खोलावा.

दोन गोष्टी टाळा. हवेच्या तोंडात पेट्रोल किंवा ईथर टाकू नका. तापलेल्या ग्लो प्लगवर त्याचा भडका उडतो. आणि हे सर्व जुन्या इंजिनांपुरतेच आहे. कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. त्यांचे नट कधीही सैल करू नयेत. त्यांचा दोष संगणकी स्कॅनरवरच शोधावा लागतो, आणि इंजिन बदलले तर किल्लीचा कोडही जुळावा लागतो.

कागदपत्रांचेही ध्यानात ठेवा. इंजिन बदलले की त्याचा नंबर बदलतो, इंधनही बदलते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाची नोंद लागते. म्हणून काम करण्यापूर्वीच जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात चौकशी करा आणि इंजिनाच्या खरेदीची पावती जपून ठेवा. नोंद नसलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याची रक्कम अडकू शकते.

बंधूंनो, खर्चाचा क्रम लावा. अर्थिंगची पट्टी, एक तार, पारदर्शक नळी आणि टेस्ट लॅम्प यांना फारसे पैसे लागत नाहीत. पंप खोलण्याचा खर्च मात्र पोत्यांच्या हिशेबात जातो. स्वस्त ते आधी पाहा, महाग ते शेवटी. मिस्त्रीकडे जाल तेव्हा धुराचा रंग आणि बॅटरीचे व्होल्ट सांगा, म्हणजे त्याचेही काम हलके होईल आणि आपली पोती वेळेवर बाजारात पोहोचतील.