यादीत नाव नसलेला वारसा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात कारंजा येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संस्थेच्या वाटचालीस पन्नास वर्षे पूर्ण होत असताना ज्यांनी पायाचे दगड बसविले त्यांचे स्मरण आपण सकाळच्या सत्रात केले. विश्वस्त मंडळाने मला ‘आपल्या वास्तूंचा वारसा’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली आहे. वारशाचा गौरव करणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. म्हणून आज मी गौरव थोडा करणार आहे आणि एका प्रस्तावाविषयी व एका मुदतीविषयी अधिक बोलणार आहे. वास्तूचे नाव शासनाच्या संरक्षित यादीत जावे यासाठी पाठवायचा तो प्रस्ताव, आणि त्यावर लोकांना आपले म्हणणे मांडता यावे यासाठी कायद्याने ठेवलेली ती मुदत.

आरंभ ग्रंथांपासून करतो, कारण यादीचे मोल काय असते हे कारंजा नगरीला नव्याने शिकविण्याची गरज नाही. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे येथे आहेत. त्यांच्या शास्त्रभांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते सांभाळली गेली. तथापि ती बासनांत बांधलेली होती आणि बाहेरच्या जगाला त्यांचा फारसा पत्ता नव्हता. रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची तयार केली. ती १९२६ साली नागपुरातून प्रसिद्ध झाली आणि तीत कारंज्याच्या भांडारांतील ग्रंथांची नोंद आली. पुढच्या काही वर्षांतच कारंजा जैन ग्रंथमालेतून १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’, १९३३ साली डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेले ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ साली मुनी कनकामरांचे ‘करकंडचरिउ’ प्रकाशात आले. अपभ्रंश भाषेच्या अभ्यासकांना आपल्या गावाचे नाव घ्यावे लागले. ‘धवला’ टीकेसह षट्खंडागमाचे संपादन अमरावतीत सुरू झाले, तेव्हाही पाठ मिळविण्यासाठी ज्या प्रती उपयोगी पडल्या त्यांत कारंज्याची एक प्रत होती. ग्रंथ पूर्वीही होतेच. ते यादीत आले, म्हणून वाचले गेले आणि पुढच्या पिढ्यांना मिळाले.

वास्तूंच्या बाबतीत आपण एवढी दक्षता दाखविली आहे काय? आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जिल्हा म्हणून त्याचे वय लहान आहे, भूमी मात्र वाकाटकांच्या वत्सगुल्माची आहे. शिरपूरचे जुने दगडी मंदिर हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील १९३१ च्या ग्रंथात समाविष्ट केले. कारंज्यात काष्ठासंघ मंदिरातील लाकडी कोरीवकाम आहे; दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ या वेशींची नावे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत; आणि गल्लीबोळांतून सागवानी खांबांचे जुने वाडे अजून उभे आहेत. सार्वजनिक न्यासाच्या नोंदवहीचा उतारा काढून पाहावा. त्यात वास्तूचा क्रमांक मिळतो, क्षेत्रफळ मिळते, किंमत मिळते. खांबावरच्या कमळाची नोंद त्यात नसते. तुळईवर कोरलेली तिथी त्यात नसते. ज्याची नोंद नाही ते नाहीसे झाले, तरी हिशेबात काहीच कमी होत नाही.

हे मी अनुभवाने बोलतो. आमच्या घराण्याचा जुना वाडा वाटणीनंतर मोडीत निघाला. भाऊबंदांच्या वतीने कागदावर सही करणारा मीच होतो. जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याने खांब, तुळया, कोरीव चौकट हे सारे घनफुटाच्या दराने मोजून नेले. त्या चौकटीवर आमच्या आजोबांनी प्रत्येक नातवाची उंची खिळ्याने रेघ ओढून नोंदविली होती. त्या दिवशी कोणीही आम्हाला अडविले नाही, आणि अडविण्याचा अधिकारही कोणाला नव्हता, कारण ती वास्तू कोणत्याच यादीत नव्हती. व्यापाऱ्याने फसविले असे मी म्हणणार नाही. आमच्याजवळ काय आहे हे आम्हीच लिहून ठेवले नव्हते.

आता कायद्याकडे वळू. वास्तूला शासकीय संरक्षण मिळण्याचे प्रमुख मार्ग तीन आहेत. पहिला मार्ग १९५८ च्या केंद्रीय कायद्याचा. किमान शंभर वर्षे जुनी आणि राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू त्याखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात येते. दुसरा मार्ग १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याचा, ज्याखाली राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे राज्य संरक्षित स्मारके असतात. तिसरा मार्ग नगररचनेचा. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या बाविसाव्या कलमानुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक व वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली करून आपल्या वास्तूंना तीन श्रेणी दिल्या. पहिल्या श्रेणीत बदलास जवळजवळ मज्जाव असतो. तिसऱ्या श्रेणीत वस्तीचे जुने रूप राखून बरेच बदल करता येतात. लहान गावातील वाड्यांना हा तिसरा मार्ग पुष्कळदा अधिक सोयीचा ठरतो.

पहिल्या दोन्ही मार्गांत महत्त्वाची पायरी एकच आहे. वास्तू संरक्षित घोषित करण्याचा शासनाचा मानस आधी राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि त्याची एक प्रत वास्तूजवळ ठळक जागी लावली जाते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत कोणाही हितसंबंधी व्यक्तीस हरकत घेता येते. हरकतींचा विचार करून शासन अंतिम घोषणा करते. प्रस्ताव मात्र कोणीही जागरूक नागरिक किंवा संस्था पाठवू शकते. निर्णय शासनाचा असला, तरी पहिले पाऊल टाकण्यास आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मुदतीचे महत्त्व किती असते ते श्री सम्मेद शिखरजींच्या प्रकरणाने आपल्या समाजाला शिकविले आहे. ते स्मारकाच्या यादीचे प्रकरण नव्हते. पारसनाथ अभयारण्याभोवतीच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची ती अधिसूचना होती. परंतु रीत तीच होती. अशा अधिसूचनेचा मसुदा आधी प्रसिद्ध होतो आणि त्यावर साठ दिवसांत हरकती-सूचना पाठविता येतात. अंतिम अधिसूचना २ ऑगस्ट २०१९ रोजी निघाली. देशभरातील आपले मोर्चे आणि उपवास मात्र २०२२ च्या अखेरीस सुरू झाले, आणि ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. समाज एकवटला याचा आपल्याला अभिमान आहे. तरी मनाला एक प्रश्न विचारावा. मसुद्याच्या वेळी, साठ दिवसांच्या आत, आपल्यापैकी किती जणांनी एक पानाचे पत्र धाडले होते? जे काम एका टपालाने होण्यासारखे असते, त्यासाठी नंतर रस्त्यावर उतरावे लागते.

आता आपल्या मनातील शंकांविषयी. मंदिराची पूजा बंद पडेल काय, सरकारचे कुलूप लागेल काय, अशी भीती नेहमी बोलून दाखविली जाते. कायद्याचे म्हणणे असे की शासनाच्या देखभालीखाली आलेले उपासनास्थान त्याच्या स्वरूपाशी विसंगत अशा कामासाठी वापरता येत नाही, आणि त्याचे पावित्र्य राखण्याची तजवीज करणे हे कर्तव्य ठरते. मालक हयात असताना वास्तूचे पालकत्व शासनाकडे जाते ते त्याच्या लेखी संमतीने. ही जमेची बाजू झाली. दुसरी बाजूही लपवू नये. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत परवानगीने नियंत्रित आहे. दाट वस्तीत राहणाऱ्या शेजाऱ्याला याचा जाच होऊ शकतो. नित्याच्या दुरुस्तीलाही विचारावे लागते. म्हणून कोणती वास्तू कोणत्या यादीसाठी पाठवायची हे विचारपूर्वक ठरवावे, आणि शेजाऱ्याला राजपत्रातून कळण्यापूर्वी आपण त्याच्या ओट्यावर जाऊन सांगावे. अनेकांत हा आपल्या दर्शनाचा प्राण आहे. हरकत घेणारा माणूस वारशाचा शत्रू नसतो. त्याच्या हरकतीतही सत्याचा एक अंश असतो.

या विचाराचा कस आज आपल्याच अंगणात लागणार आहे. संस्थेच्या जुन्या पाठशाळेचा वाडा उतरवून तेथे मंगल कार्यालय बांधावे, असा विषय मंडळापुढे आहे. छप्पर गळते, पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि मुलामुलींच्या विवाहासाठी समाजाला जागा हवी आहे. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या मांडणाऱ्या तरुण विश्वस्तांचा मी आदर करतो. नवे मंदिर उभारण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य अधिक, असे आपले वडीलधारे सांगत आले. परंतु अलीकडे जीर्णोद्धार म्हणजे जुने लाकूड उतरविणे आणि नवा संगमरवर चढविणे असा अर्थ रूढ झाला आहे. जीर्ण झालेल्याचा उद्धार करताना जीर्णच नाहीसे होत असेल, तर उद्धार कोणाचा झाला?

माझी मंडळाला नम्र विनंती एवढीच आहे की निर्णयापूर्वी एक वर्ष थांबावे आणि त्या वर्षात या वास्तूची संचिका तयार करावी. तीत मालमत्ता पत्रक व सिटी सर्व्हेचा नकाशा असावा. प्रत्येक खांबाचे, चौकटीचे, तुळईचे छायाचित्र मापांसह असावे. कोरलेली अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. येथे कोण शिकले, कोणत्या मुनिसंघाचे वास्तव्य झाले, हे वृद्धांना विचारून लिहून घ्यावे आणि त्यांच्या सह्या घ्याव्यात. दुरुस्तीचा व नव्या बांधकामाचा खर्च जुन्या वास्तूंच्या जाणकार स्थापत्यकाराकडून वेगवेगळा काढून घ्यावा. मग ती संचिका दोन महिने सभागृहात ठेवावी, शेजारी एक वही ठेवावी आणि प्रत्येकाने आपले मत लिहावे. भगिनींनी अवश्य लिहावे, कारण रोज त्या अंगणाची झाडलोट करणाऱ्यांना वास्तूची नस अधिक ठाऊक असते. वही भरल्यावर ती सभेत मोठ्याने वाचावी. त्यानंतर सभा ठरवील तर ठरावासह प्रस्ताव संचालनालयाकडे किंवा नगरपरिषदेकडे द्यावा आणि त्याचा आवक क्रमांक जपून ठेवावा.

उद्या शासनाची सूचना दारावर लागली, तर हरकत असो वा पाठिंबा, तो लेखी द्यावा. वास्तूचे नाव, सर्व्हे क्रमांक, आपला संबंध आणि कारण एवढे त्यात असले की पुरे. ‘आम्हाला ही वास्तू हवी आहे’ असे पन्नास जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलेले कागद एकाच मजकुराखालच्या पाचशे सह्यांपेक्षा अधिक बोलतात.

शिरपूरच्या मंदिराचा वाद १९२९ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९८१ पासून बंद असलेले त्याचे द्वार २०२३ साली दर्शनासाठी उघडले. त्या वादात शिरण्याचे हे स्थान नव्हे. आपल्या जिल्ह्याने त्यातून एक गोष्ट मात्र शिकावी. देवाचे घर सांभाळायला श्रद्धेइतकीच कागदपत्रांचीही गरज असते, आणि आपसांतले बोलणे वेळेवर झाले नाही तर ते न्यायालयात होते.

वर्षाच्या अखेरीस सभेने वाडा उतरविण्याचाच निर्णय केला, तर तोही मी मान्य करीन. निदान त्या वेळी आपण काय उतरवीत आहोत हे आपल्याला ठाऊक असेल आणि ते लिहिलेले असेल. आमच्या वाड्याच्या वेळी एवढेही झाले नाही. विश्वस्त हा मालक नसतो, सांभाळणारा असतो. अपरिग्रहाचा हा अर्थ आपण पन्नास वर्षे पाळला आहे. पुढच्या पन्नास वर्षांच्या आरंभी तो वास्तूंनाही लागू करावा.